दिरहॅममागे चाळीस पैसे

जेलरोड, नाशिकरोड
३ नोव्हेंबर २०२५

संघर्ष,

जय भीम.

व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंस, ईमेल तू बघत नाहीस, म्हणून हे कागदावर लिहितेय. पाकिटावर तुझ्या कंपनीचा शारजाचा पोस्ट बॉक्स टाकणार आहे. पोचेल म्हणतात आठ-दहा दिवसांत.

आता नीट वाच. शनिवारी मेडिकलमधून आईचे डोळ्यांत घालायचे थेंब घेतले. फोनवरून पैसे जाईनात. एटीएमला गेले, तिथंही नाही. तशीच बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग आत जाऊन साहेबांना घेऊन आली. इतकी वर्षं माझा पगार त्या बँकेत जमा होतोय, पण साहेब कधी खुर्चीतून उठून माझ्यापर्यंत आले नव्हते.

माझं खातं गोठवलंय. सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून. आईच्या ऑपरेशनसाठी तू जे एकोणचाळीस हजार दोनशे पाठवलेस, ते सत्तावीस तारखेला जमा झाले. ते कुणाच्या तरी फसवणुकीतले पैसे आहेत! तू तुझे सोळाशे दिरहॅम ज्या मोबाईल दुकानवाल्याच्या हातात दिलेस, त्यानं ते खिशात घातले आणि इथल्या त्याच्या माणसांनी कुणाला तरी लुबाडून तेवढे रुपये माझ्या खात्यात ढकलले. चोरीचा माल माझ्या दारात ठेवला आणि तुझी कमाई घेऊन गेला. आता माझा ऑक्टोबरचा पगार अडकलाय, पाच तारखेला घराचा हप्ता परत जाणार आहे, आणि शाळेत हेडसरांना काय सांगायचं ते मला माहीत नाही.

शनिवारी संध्याकाळी फोनवर मी तुला बोलले ते रागात बोलले. मान्य. पण चूक काय बोलले? असल्या माणसाशी व्यवहार कशाला केलास, एवढंच म्हटलं. त्यावर तू फोन ठेवलास आणि मला बंद करून टाकलंस. इथं निस्तरायचं मी, आणि रुसायचं तू!

मला तीन गोष्टी हव्यात. त्या दुकानवाल्याचं नाव आणि नंबर, त्याच्याशी झालेले मेसेज, आणि तू त्याला पैसे दिलेस याचा काही पुरावा. पावती असेल तर पावती. लगेच पाठव.

आई बरी आहे. डाव्या डोळ्यानं तिला आता फक्त उजेड कळतो.

अंजली

*

जेलरोड
१२ नोव्हेंबर

संघर्ष,

पत्र तुझ्या कंपनीत सोमवारी पोचलं. स्पीड पोस्टच्या ट्रॅकिंगवर स्पष्ट दिसतंय. त्यामुळे मिळालं नाही असं म्हणू नकोस.

हप्ता परत गेला. त्याचा दंड वेगळा. शाळेच्या पतपेढीतून दहा हजार उचललेत, त्यावर घर चाललंय. स्टाफरूममध्ये मी आले की बोलणं थांबतं. आमच्या मनोजनं, ज्याचा भाऊही त्याच दुकानवाल्याकडून पैसे पाठवायचा, चक्क जागा बदलून घेतली. मी त्याला गाठलं. म्हटलं, तुझ्या भावाला विचार तो माणूस कुठंय. तर म्हणतो, "मॅडम, दुकान बंद आहे म्हणे. आणि प्लीज, पोलिसांत माझं नाव नका घेऊ." वर मलाच डबा उघडून गुलाबजाम देत होता. मी घेतला नाही.

बँकेत चौथ्यांदा जाऊन आले. कुंभाच्या कामांनी सगळे रस्ते खणून ठेवलेत, रिक्षावाला कुठूनही नेतो आणि कुठंही सोडतो. धूळ खात गेले, तर साहेब म्हणाले, आमच्या हातात काही नाही, सायबरकडून पत्र आणा. पण तासभर बसून त्यांच्याकडून एवढं शिकून आले की आता मीच काउंटर उघडू शकेन. तू दोन वर्षं तिथं आहेस, तुला हे कुणी सांगितलं नाही? तर ऐक.

परदेशात राहणाऱ्यानं इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवायचंच नसतं. ते बदलून घ्यायचं आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं काढायचं. त्यात तू तुझ्याच नावावर पाठवू शकतोस, माझ्या खात्याची गरजच नाही. फी दर खेपेला तेवढीच लागते, मग पाचशे दिरहॅम पाठव नाहीतर दोन हजार. म्हणजे दर पगाराला थोडे थोडे न पाठवता दोन महिन्यांचे एकदम पाठवले की फी अर्ध्यावर येते. आणि 'फी शून्य' अशी पाटी दिसली की हुरळून जायचं नाही. ते भावात कापतात. विचारायचं एकच, मी इतके दिरहॅम दिले तर माझ्या घरी रुपये किती पडतील? दोन-तीन परवानाधारक ठिकाणी हाच प्रश्न विचार, जो जास्त सांगेल त्याच्याकडे जा. आणि पाठवणाऱ्याच्या रकान्यात तुझंच नाव आलं पाहिजे. माझ्या पासबुकात सत्तावीस तारखेला कुठल्या तरी 'ट्रेडर्स'चं नाव आहे. ते मी त्याच दिवशी बघितलं होतं. बघितलं आणि पासबुक मिटलं.

आई रोज विचारते, त्याचा फोन आला का. मी तिला सांगितलंय की तू केलेल्या घोळामुळे पगार अडकलाय आणि आता तोंड लपवून बसलायस. दुसरं काय सांगू?

पुढच्या बुधवारी सायबर पोलिसांनी बोलावलंय. तोवर तुझे मेसेज हातात आले तर बरं. नाहीतर मी रिकाम्या हातानं जाणार.

अंजली

*

जेलरोड
२१ नोव्हेंबर

संघर्ष,

हे पत्र मी दोन दिवस लिहितेय आणि फाडतेय. आता जे येईल ते येऊ दे.

बुधवारी अकराला गेले. बाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, साठीच्या, हातात प्लास्टिकची पिशवी. सटाण्याकडून पहाटेच्या बसनं आल्या होत्या. झुंबरबाई नाव. अंगणवाडीत मदतनीस होत्या, यंदा निवृत्त झाल्या. एक वाजला तरी आम्हाला कुणी आत बोलावलं नव्हतं. त्यांनी फडकं सोडलं आणि न विचारता अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली, वर शेंगदाण्याची चटणी. "खाय, बईन. पोटले काय माहीत कचेरी काय शे ते." मी तिथंच खायला लागले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाले होते. दुसऱ्याच आठवड्यात एकाचा फोन आला, तुमचं केवायसी राहिलंय, पैसे परत जातील. त्यानं पाठवलेलं काहीतरी त्यांनी दाबलं. एक लाख बहात्तर हजार गेले, अर्ध्या तासात. सांगताना रडल्या नाहीत. फक्त मधेमधे पिशवीतलं पासबुक चाचपत होत्या.

तेवढ्यात आतून दोघींना एकदमच बोलावलं. उरलेली भाकर हातात घेऊनच मी उठले.

आत एक महिला उपनिरीक्षक होत्या, वयानं माझ्यापेक्षा लहान. कागद बघत त्या झुंबरबाईंना म्हणाल्या, "आजी, तुमच्यातले एकोणचाळीस हजार दोनशे या मॅडमच्या खात्यात थांबलेत. बाकीचे पुढं निघून गेले."

झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. माझ्यापासून दोन पावलं लांब झाल्या. "हाईच शे का ती? मी हिले भाकर दिनी ना!"

संघर्ष, मला आजवर खूप जणांनी खूप काही सुनावलंय. असं कधी लागलं नव्हतं.

मग मॅडमनी विचारलं, "खातं भाड्यानं दिलं होतं का? हल्ली लोक देतात, महिन्याला पाच हजार घेऊन." मी म्हटलं, मी शाळेत क्लार्क आहे, माझा भाऊ शारजाला एसीची कामं करतो, त्यानं आईच्या ऑपरेशनला पाठवले. "पुरावा?" तुझ्याकडून काहीच आलं नव्हतं. मी म्हटलं, त्याच्या-माझ्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असेल काहीतरी. त्या म्हणाल्या, "दाखवा."

तुला माहीत आहे तिथं काय आहे. मला पण माहीत होतं. म्हणून तर आधीच्या दोन्ही पत्रांत मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मॅडमनी फोन टेबलावर ठेवला आणि माझाच आवाज त्या खोलीत घुमला.

"संघर्ष, तुला काही डोकं आहे का? दर वेळी पाचशे-साडेपाचशे फी भरून येतोस. आमच्या मनोजच्या भावाचा एक माणूस आहे तिथं, दिरहॅममागे चाळीस पैसे जास्त देतो, फी नाही. बाराशे रुपये वाचतात एका खेपेला. उद्याच जा."

त्याच्याखाली तुझा. मागं गाड्यांचा आवाज. "ताई, त्याची पावती मिळत नाही गं. रूमवरचे लोक नको म्हणतायत. मला जरा भीती वाटते."

आणि परत मी. "पावतीचं काय लोणचं घालायचंय? एवढा भित्रा होतास तर परदेशात गेलासच कशाला?"

  मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. मॅडम म्हणाल्या, "झालं, मॅडम, यानं तुम्ही सुटलात. खातं भाड्यानं दिलेलं नाही हे कळतंय. याची प्रत घेऊ आपण." जे मी लपवत होते, त्यानंच मी सुटले.

झुंबरबाई तेवढ्या हळूच म्हणाल्या, "भाऊ तं नही म्हनी ऱ्हायंता ना, बईन."

हो. तू नको म्हणत होतास.

आणि त्या शनिवारी मी फोन स्पीकरवर टाकून, आईसमोर, मनोज घरी आला होता त्याच्यासमोर, तुला काय म्हटलं तेही लिहून टाकते, नाहीतर परत मीच गाळेन. 'असल्या माणसाशी व्यवहार कशाला केलास' असं नव्हते म्हणाले मी. 'तू चोरांच्यातलाच झालास' असं म्हणाले. तू म्हणालास, "ताई, तूच तर..." आणि मी तुला पुढं बोलू दिलं नाही. मनोज ऐकत होता. आई ऐकत होती. मला त्या वाक्याचा शेवट नको होता.

आता पुढचं. मॅडमनी दोन रस्ते सांगितले. एक, हे पैसे आमच्या कष्टाचे आहेत, आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, असं म्हणून कोर्टात भांडायचं. कदाचित मिळतील, पण वर्ष जाईल, आणि तोवर खात्याचं काही खरं नाही. दुसरा, ती रक्कम झुंबरबाईंना द्यायला माझी हरकत नाही असं लिहून द्यायचं. मग खातं लवकर सुटेल. पण तुझे सोळाशे दिरहॅम कायमचे गेले.

छतावर चढून, त्या उन्हात, तू ते मिळवलेस. तेच पैसे त्या बाईंचेही आहेत, तीस वर्षांचे. मी वाट्टेल तसा हिशोब केला, एकाच रकमेचे दोन खरे मालक निघतात. तुला न विचारता मी सही करू शकत नाही. एवढं तरी मला आता कळतं. पाच डिसेंबरपर्यंत थांबते.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. झुंबरबाईंचा नंबर खाली लिहिलाय, त्यांची परवानगी घेऊन. त्यांनाच विचार.

ताई

*

जेलरोड
५ डिसेंबर

संघर्ष,

तुझं उत्तर नाही. ट्रॅकिंग म्हणतं, पत्र पोचलं. ट्रॅकिंगला काय, ते पाकीट खोक्यात पडलं तरी पोचलंच म्हणतं. ते तू उघडलंस का, हे सांगायची सोय अजून कुणी काढलेली नाही, आणि मला आता या सगळ्या सोयींचा वीट आलाय.

आज सही करून आले.

तुझ्या पैशांवर, तुला न विचारता. दुसऱ्यांदा तुझ्या वतीनं मी ठरवलं. तुला राग आला तर तो बरोबर असेल. पण पहिल्या वेळी मी बाराशे रुपयांसाठी ठरवलं होतं. या वेळी त्या बाईंचं पासबुक डोळ्यांसमोर होतं. तुझे सोळाशे दिरहॅम मी देणार. पतपेढीचं कर्ज फिटलं की दर महिन्याला, तुझ्या इथल्या बचत खात्यात टाकेन. ते बदलून घे मात्र.

परवा आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, म्हणजे नुसती बोटं फिरवत होती, खडे तिला दिसत नाहीतच. मी म्हटलं, आई, त्याला त्या माणसाकडे मीच पाठवलं होतं. तो नको म्हणत होता. तिची बोटं थांबली. मला वाटलं आता ती मला बोलणार. मी तयार होते.

ती म्हणाली, "तू त्याला चोर म्हणालीस आणि मी गप्प बसले. मी त्याची आई. मी तरी विचारायचं होतं, बाळा, तू काय म्हणत होतास?"

मग ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "माझं ऑपरेशन सिव्हिलला करा. तिथं काय डोळे वेगळे काढतात का?" नंबर लावून आले. सोळा तारीख मिळालीय.

शाळेतही सांगितलं. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, कारण तुला बोलले तेही चारचौघांसमोरच होतं. मनोजचं नाव मी घेतलं नाही, तोच उठून म्हणाला, "पत्ता मी दिला होता." मग हळूच विचारलं, त्याच्या भावाचेही वीस हजार त्या दुकानवाल्याकडे अडकलेत, काही मार्ग आहे का. मी म्हटलं, बस, कागद घे, सांगते.

तेरा तारखेला लोकअदालत आहे, तिथं झुंबरबाईंना पैसे परत द्यायचा आदेश होईल म्हणतात.

तुला ज्यांनी नको म्हटलं होतं त्या रूमवरच्या लोकांना माझा जय भीम सांग. आणि सांग की तुझी बहीण मूर्ख आहे. त्यांना ते माहीत असेलच.

ताई

*

जेलरोड
१९ डिसेंबर

संघर्षा,

आधी आईचं. ऑपरेशन झालं. काल पट्टी काढली. पहिलं वाक्य काय बोलावं तिनं? "अंजली, तुझे केस एवढे पिकले?" तेव्हापासून घरभर फिरून प्रत्येक वस्तूला नावं ठेवतेय. पंख्यावर धूळ, ओट्यावर डाग. मी दिवसभर पुसतेय.

खातं बुधवारी सुटलं. दोन महिन्यांचे पगार एकदम दिसले. आणि त्याच दिवशी आईच्या पासबुकात एकवीस हजार. मी काउंटरवर उभी राहून पाठवणाऱ्याचा रकाना वाचला. संघर्ष जयराम पगारे. पूर्ण नाव, आबांच्या नावासकट. म्हणजे बारा नोव्हेंबरचं पत्र तू वाचलंस! पैसे कसे पाठवायचे ते शिकलास माझ्याकडून, आणि एक ओळ लिहायला तुझे हात मोडले होते? मी तिथंच त्या काउंटरवर तुला शिव्या दिल्या. मुलगी म्हणाली, मॅडम, पैसे आलेत ना, मग काय झालं?

आणि आज सकाळी झुंबरमावशींचा फोन. त्यांचे पैसे परवा त्यांच्या खात्यात जमा झाले. ते सांगून झाल्यावर म्हणाल्या, "आनि तुना भाऊना फोन उंता."

मी म्हटलं, कुणाचा?

"तुना भाऊना. दुबईवरथाईन. येक घंटा बोलना."

शारजा, मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

एक तास! तू त्या बाईंशी एक तास बोललास. त्यांना विचारलंस, मावशी, माझ्या पैशांमुळे तुमचं नुकसान झालं का. त्यांनी समजावलं की नुकसान आधीच झालं होतं, तुझ्यामुळे थोडं भरून आलं. तुला दोन महिने रस अल खैमाच्या साईटवर पाठवलंय आणि माझी पत्रं शारजाहून एकगठ्ठा आली, हेही त्यांनाच सांगितलंस. मी तिसरं पत्र लिहिलं त्या आठवड्यात तुला ताप होता, हेही. तापात तुला पेज कुणी करून दिली रे? ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून मला कळलं नाही. आणि मग म्हणे तू विचारलंस, "त्या दिवशी पोलिसांत माझी ताई रडली का?"

मावशींनी सांगितलं, "रडनी नही. पन भाकर तिना हातमाच ऱ्हायनी."

 त्यावर तू म्हणालास, ताईला हे काही सांगू नका. त्यांनी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या मला लावला. बाई सरळ आहेत, त्यांना लपवायला जमत नाही.

आता माझं ऐक. पुढच्या रविवारी दुपारी तू त्यांना परत फोन करणार आहेस, असं त्यांना सांगितलंयस. हे पत्र तोवर तुला मिळणार नाही, ते मला ठाऊक आहे. तरी लिहितेय, कारण नंतर वाचशील तेव्हा तुला कळावं की मी योगायोगानं तिथं नव्हते. रविवारी सकाळी साडेसातच्या सटाण्याच्या बसनं मी आणि आई निघतोय. मावशींना सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, या, मी मांडे करते.

फोन त्याच उचलतील. तू त्यांच्याशी बोल, तुझ्या आजाराचं बोल, कामाचं बोल, मी मधे पडणार नाही. तुझं झालं की त्या फोन माझ्याकडे देतील. मला फार काही बोलायचं नाही. त्या शनिवारी तू "ताई, तूच तर" म्हणालास आणि मी तुला थांबवलं. ते वाक्य तू पूर्ण कर. आई शेजारी बसलेली असेल, मावशी असतील, मी फोन स्पीकरवर ठेवीन. सगळ्यांना ऐकू येईल असं मोठ्यानं बोल.

ताई